कोटीचं झाड आणि वन्संची फीत

माझ्या नणंदेला झाडांना मिठी मारण्याचा पगार मिळतो. हे मी पहिल्यांदा माहेरी सांगितलं तेव्हा आईने हातातली सुई थांबवून विचारलं, "आणि बाकी कशी आहे गं? डोक्याने वगैरे?"

डोक्याने उत्तम आहे. रोज झोपण्यापूर्वी मी देवासमोर बसून वहीत चार ओळी लिहिते, दिवसभरात त्याने काय काय दिलं त्याच्या. पण हा आठवडा चार ओळींत मावणारा नाही. सगळा वन्संनीच खाल्ला, आणि लिहायला बसले की मला हसू फुटतं. देवासमोर असं खिदळणं बरं दिसत नाही, पण घडलं तेव्हा तोही बघत होताच, तेव्हा त्यालाही आवरलं नसेल.

वन्सं ह्यांच्यापेक्षा लहान, आमच्याच वरच्या खोलीत राहतात. नगरपालिकेच्या झाडांच्या खात्यात शहरातल्या झाडांची किंमत ठरवायचं काम करतात. विकायची म्हणून नव्हे. कुणाची मोटार झाडावर आदळली, कुणी दुकानाची पाटी दिसत नाही म्हणून फांद्या उडवल्या, कुठे रस्ता रुंद करायला झाड आडवं आलं, की खात्याला आकडा लागतो. गेलं ते केवढ्याचं गेलं? तो आकडा वन्सं काढतात. गळ्यात मोजायची फीत, पिशवीत लाकडी हातोडी. फीत खोडाभोवती घालायची तर मिठी मारावीच लागते, त्याला त्या तरी काय करणार? मग हातोडीने टकटक करून खोडाला कान लावतात. आत पोकळ असेल तर आवाज बदलतो म्हणे. एकदा शेजारणीने खोचकपणे विचारलं, "लग्नाचं नाही का हो पाहिलंत कधी?" तर वन्सं म्हणाल्या, "पाहिलं की. दोन स्थळं ठोकून पाहिली. दोन्ही पोकळ निघाली."

घरातही फीत गळ्यातून उतरत नाही. ह्यांचं पोट मोजून म्हणतात, "दादा, झाडाचा घेर वाढला की भाव चढतो. तुझं उलटं का रे चाललंय?"

तर झालं असं की आमच्या गल्लीत सांडपाण्याचा नवा मोठा पाइप टाकायचं ठरलं, आणि पाइपाच्या सरळ रेषेत गल्लीतला शिरीष आला. हा शिरीष म्हणजे गल्लीचं छप्परच. त्याच्या बुंध्याशी किल्लीवाला बसतो, दुपारची शाळेची मुलं तिथेच रिक्षाची वाट बघतात, आणि समोरच्या मास्तरांच्या पन्हाळीत त्याच्या शेंगा पडतात, म्हणून निवृत्त झाल्यापासून मास्तरांचं त्याच्याशी भांडण आहे. आता हे भांडण आणखी पेटलं. कारण झाड वाचवायचं तर पाइपाला वळण द्यायला लागणार होतं, आणि नकाशात ते वळण मास्तरांची भिंत फोडून त्यांच्या अंगणातून जात होतं. वळणाचा खर्च चाळीस लाख. नियम सरळ होता. झाडाची किंमत वळणाच्या खर्चापेक्षा जास्त निघाली तर पाइप वळेल, कमी निघाली तर झाड पडेल.

किंमत काढायचं काम आलं वन्संकडे. त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं, "माझ्याच दारातलं झाड आहे, दुसऱ्याला द्या. उद्या लोक म्हणतील, बाईने आपल्या सावलीसाठी आकडा फुगवला." साहेब म्हणाले, "दुसरा कोण आहे? आणि नुसती किंमत नकोय. तीन पद्धतींनी काढा, तुलना करून दाखवा. यापुढे खात्याने कुठली वापरायची तेही ठरवायचंय."

म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन गठ्ठे लागले आणि आम्ही आठवडाभर ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

पहिली पद्धत रोपवाटिकेची. तस्संच झाड पुन्हा उभं करायला किती लागेल? एवढं जाड झाड कुणी विकत नाही, म्हणून बारक्या झाडाचा भाव घ्यायचा, खोडाच्या मानाने वाढवायचा, मग जात, तब्येत, जागा बघून कापत जायचा. दुसरी पद्धत कामाची. झाड सावली देतं, पावसाचं पाणी अडवतं, धूळ झाडतं, घरातला पंखा कमी फिरवतं, त्या सगळ्याची मजुरी मांडायची. तिसरी पद्धत विचारण्याची. लोकांच्या दारात जाऊन विचारायचं, तुम्हाला हे झाड केवढ्याचं वाटतं?

या तिसऱ्या पद्धतीसाठी मी वन्संबरोबर फिरले. त्यांचे दोन प्रश्न होते. झाड राहावं म्हणून खिशातून किती द्याल? आणि झाड जाऊ द्यायला किती घ्याल?

पहिल्या प्रश्नाला किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "द्यायला? पाचशे."

"आणि घ्यायला?"

"पाच लाख."

"अहो, झाड एकच ना? एवढा फरक कसा?"

"ताई, देताना खिसा माझा असतो. घेताना तुमचा."

वन्सं हसत सुटल्या आणि हसताहसता लिहून घेतलं, कारण मोठमोठ्या अभ्यासकांना हेच सांगायला जाड पुस्तक लागतं म्हणे.

मास्तर दारातच उभे होते. "द्यायचे ना? देतो. तोडण्यासाठी देतो. लिहा, उणे वीस हजार."

"मास्तर, उणे लिहायला रकाना नाही."

"मग आखा. पट्टी देऊ का?"

पट्टी दिली, आणि वन्संनी रकाना आखलासुद्धा. घरी येताना मला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं राहिलं की. बोला, किती?"

मी म्हटलं, "देवाने लावलेल्या वस्तूची मी काय किंमत करणार?"

"झाड नगरपालिकेने लावलंय. पण बरं, देवाला 'सांगता येत नाही' या रकान्यात टाकते."

शनिवारी तिन्ही आकडे निघाले. विचारून काढलेली किंमत चार लाखांच्या आसपास, तीही मास्तरांचे उणे वजा जाता. कामाची किंमत सहा लाख. आणि रोपवाटिकेच्या पद्धतीने, एक कोटी!

वन्सं टेबलावरून उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. मी विचारलं, "एवढा फरक असतो?"

"असतोच. या पद्धतींचं सासूसुनेसारखं आहे, कधी जमत नाही. म्हणून तर तुलना करायची! आणि वहिनी, खात्याचा नियम असा की तिन्हींपैकी सगळ्यांत मोठा आकडा धरायचा. झाड वाचलं!" आणि त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं. माझ्या वयाच्या बाईला असं फिरवू नये. मी पिठाच्या डब्याला धडकले, तरी हसतच होते.

वन्संनी बजावलं होतं की मंगळवारच्या बैठकीपर्यंत कुठे बोलायचं नाही. पण ह्यांच्या पोटात काही राहत नाही, ते घेराला एवढं असूनही. रविवारी सकाळी हे वाण्याकडे साबण आणायला गेले आणि गल्लीत कोटी सोडून आले.

त्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगू! एका झाडाची किंमत गल्लीतल्या कुठल्याही घरापेक्षा जास्त आहे म्हटल्यावर लोकांची चालच बदलली. बुंध्याला सायकली टेकवणं बंद झालं. किल्लीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला "जरा लांबून" म्हणू लागला, जणू तिजोरीची चावी त्यानेच केली आहे. बँकेत काम करणारा वरच्या मजल्यावरचा मुलगा, झाडावर कर्ज निघेल का ते बघतो म्हणाला. कुणीतरी एका पानाचा भाव काढला, आणि सोमवारी झाडूवाली पानं गोळा करायला आली तर दोन बायका तिला विचारायला लागल्या, "हे नेताय कुठे?" झाडूवाली म्हणाली, "घ्या, तुम्हीच झाडा मग," आणि झाडू टेकवून उभी राहिली. मास्तरांनाही कुणी चिडवलं, "मास्तर, तुमच्या पन्हाळीत हजारोंचा माल आहे." मास्तर म्हणाले, "असेल. पण माझं अंगण जातंय ते कुठल्या रकान्यात?" सगळे झाडाकडे बघत राहिले.

मी संध्याकाळी देवाला हात जोडून म्हटलं, भरून पावले.

आणि देव बहुधा गालात हसला. कारण त्याच संध्याकाळी ह्यांना नवा फ्रीज कुठे बसेल ते मोजायचं सुचलं. घरातली पट्टी सापडेना, म्हणून वन्संची फीत घेतली. ओटा आणि भिंत यांच्यामधल्या जागेत वाकून, चष्मा कपाळावर ढकलून हे ओरडले, "एकवीस सेंटीमीटर! इथे फ्रीज काय, फ्रीजचं दार उभं राहील!"

"दादा, काहीतरीच काय?" वन्सं आल्या. "जुना फ्रीज काय हवेत होता का? दाखव. अरे वेड्या, तू जाडीची बाजू वाचतोयस. हे बघ, आकडे किती लांब लांब आहेत. ही बाजू झाडाला गुंडाळायची असते. गुंडाळली की घेराऐवजी सरळ जाडी वाचता येते, भागाकार करायला लागत नाही. घेराच्या साधारण एक तृतीयांश. साधे सेंटीमीटर पलीकडे आहेत, त्या…"

इथे वन्सं थांबल्या. फीत उलटीसुलटी केली.

"ही पिवळी आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"माझ्या जुन्या फितीची जाडीची बाजू पांढरी होती. ही नवी आहे. खात्याने गेल्या महिन्यात दिली. मी झाडाला पांढरीच वाचली."

एवढं बोलून त्या अनवाणी खाली धावल्या. मी खिडकीतून पाहिलं. झाडाला मिठी मारून, फीत उलटी करून, पुन्हा मिठी. किल्लीवाला म्हणत होता, "ताई, जरा लांबून." वर आल्या त्या थेट जमिनीवर बसल्या.

"घेर तीन मीटर वीस. तोच मी जाडीच्या रकान्यात लिहिलाय. जाडी आहे एक मीटर आणि वर दोन बोटं. वहिनी, मी झाडाला तिप्पट जाड करून ठेवलं."

"म्हणजे किंमत तिसरा हिस्सा?" मी घाबरत विचारलं.

"दहावा! किंमत खोडाच्या कापलेल्या तोंडावरून निघते. ताट आडवं तिप्पट केलं की उभंही तिप्पट होतं ना. दहा लाख, वहिनी. आणि वळण चाळीस लाखांचं." मग त्यांना काय झालं कोण जाणे, त्या हसायला लागल्या. रडू आणि हसू यांच्या मधल्या गल्लीत अडकल्यासारख्या. "पूर्ण शहरात कुणी करणार नाही अशी चूक, आणि ती मी केली! माझ्याच दारात! इतकी वर्षं मी नव्या पोरांना शिकवतेय, आधी फीत बघा, मग झाड बघा!"

हे हळूच म्हणाले, "चिमे, कोण फीत घेऊन तपासायला येतंय?"

"दादा!"

"नाही, मी नुसतं विचारलं."

"उद्या नाही, वर्षाने कळेल. मग म्हणतील स्वतःच्या सावलीसाठी केलं. आणि माझ्या कुठल्याच झाडाच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. एक झाड वाचेल, बाकीची माझ्या नावाने पडतील."

ह्यांनी मान खाली घातली. मी देवासमोर जाऊन बसले. खरं सांगते, मी त्याला दोन्ही मागितलं. झाडही राहू दे आणि वन्संचा शब्दही. कसं ते तुझं तू बघ, तुला कुठे पद्धतींची तुलना करायची आहे?

मंगळवारी गल्ली नटूनथटून बैठकीला आली. कोटीच्या झाडाचे शेजारी म्हणून मागच्या रांगा भरून टाकल्या. समोर अध्यक्षबाई, त्यांच्या बाजूला पाइपाचे इंजिनियर, ज्यांना सगळे नळसाहेब म्हणतात, नकाशा पसरून. मास्तर वेगळे, एका कोपऱ्यात, घडी घातलेला तक्रारीचा कागद खिशात.

वन्सं उभ्या राहिल्या. "सुरुवातीलाच सांगते, माझ्या अहवालातला एक आकडा चुकला आहे. चूक माझी आहे."

मागे कुणीतरी म्हणालं, "वाढवायचा असेल."

वन्संनी सभागृहाच्या गोल खांबाला मिठी मारली, फीत गुंडाळली आणि दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. अध्यक्षबाईंना काही केल्या समजेना. तेव्हा किल्लीवाला उठून म्हणाला, "मला मोजा, मी पण गोल आहे," आणि हात वर करून उभा राहिला. एका बाजूने तो एक मीटर भरला, दुसऱ्या बाजूने बत्तीस सेंटीमीटर. "आता माझा भाव कुठल्या बाजूने?" त्याने विचारलं. सगळी बैठक हसली. अध्यक्षबाईंनाही समजलं, आणि हसू विरलं.

"म्हणजे झाडाची किंमत?"

"दहा लाख."

"आणि वळणाचा खर्च चाळीस."

"हो."

एका कोटीचे शेजारी बघताबघता साधे शेजारी झाले होते. कोपऱ्यातून एकच टाळी वाजली. मास्तरांची. पण दुसऱ्या टाळीसाठी हात उचलवेना, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं.

वन्सं उभ्याच होत्या. फीत हातात घट्ट धरलेली. मी डोळे मिटून नाव घेत होते.

"बाई," नळसाहेब नकाशातून वर न बघता म्हणाले, "जाडी किती म्हणालात?"

"एक मीटर. वर दोन सेंटीमीटर."

"वळण काढायला मला तुमच्याकडून आधीच मापाचा कागद आला होता, त्यात तीन वीस आहे."

"तोच चुकलेला आकडा."

"अहो, पण मी वळण त्याच्यावर काढलंय!" नळसाहेबांनी पेन्सिल कानामागून काढली. "मुळांसाठी खोडाच्या जाडीच्या दुप्पट जागा सोडायची, असा तुमच्याच खात्याचा नियम. तीन वीसची दुप्पट जवळजवळ साडेसहा मीटर. एवढं सोडलं की रस्ता संपतो, म्हणून तर मी भिंत फोडून अंगणात शिरलो. भरपाई, नवी भिंत, अंगणाखालचा खडक, त्याचे चाळीस. जाडी एकच असेल तर दोन मीटर सोडले की झालं." पेन्सिल चालत होती. "मग पाइप रस्त्यातच राहतो. थोडं पोट बाहेर काढून जातो, एवढंच."

"खर्च?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अडीच लाख. जास्तच धरलेत."

वन्संना कळायला एक क्षण लागला. दहा लाखांचं झाड, अडीच लाखांचं वळण! त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांमधून सांडायला लागलं. जी चूक झाडाला महाग करत होती तीच वळणालाही महाग करत होती, आणि खरं बोलल्यावर दोन्ही एकदमच उतरले. झाड दहाव्या हिश्श्यावर, वळण सोळाव्या.

मास्तर उठले. "म्हणजे माझं अंगण?"

"अंगणाला हात लागत नाही."

मास्तरांनी खिशातला कागद आणखी एक घडी घालून आत ढकलला. घसा खाकरून वन्संना म्हणाले, "मग ते माझे उणे वीस हजार. खोडा. रकानाही खोडा, उगाच पान खराब दिसतं."

"आणि अधिक किती लिहू, मास्तर?"

"शेंगा साफ करायला कुणी माणूस दिलात तर बोलू."

अध्यक्षबाई मग मूळ प्रश्नाकडे वळल्या. यापुढे कुठली पद्धत धरायची? वन्सं म्हणाल्या, "एकटी एकही नको. रोपवाटिकेची पद्धत झाड पुन्हा घ्यायला काय पडेल ते सांगते, कामाची ते रोज काय देतं ते सांगते, विचारायची लोकांचा जीव कुठे आहे ते सांगते. तिन्ही शेजारी लिहायच्या. थोडं भांडण असतंच, ते चालेल. पण एकीचा आकडा बाकीच्यांच्या दहापट गेला तर आधी माझी फीत तपासायची." खात्याच्या साहेबांनी त्यांना चुकीबद्दल लेखी समज दिली आणि त्याच कागदाच्या मागे नवी पद्धत लिहून घेतली.

घरी येताना गल्ली अर्धी खूश, अर्धी नाराज. "वाचलं ते बरं झालं," किल्लीवाला म्हणत होता, "पण एका दिवसात नव्वद लाख पडले हो. सोन्याचंसुद्धा असं होत नाही." बँकेतल्या मुलाने तर म्हणे आपल्या साहेबांना कर्जाचं विचारूनही ठेवलं होतं.

आज सकाळी दोन माणसं आली आणि रस्त्यावर चुन्याची रेघ आखून गेली. मास्तरांच्या भिंतीला समांतर सरळ येते, शिरीषापाशी पोट काढते, आणि पुढे परत सरळ होते. मी दूध घेऊन येत होते. वन्सं कामाला निघालेल्या, गळ्यात फीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत त्या रेघेवरून चालायला लागल्या, तारेवर चालावं तशा, हात पसरून.

"वहिनी, या की!"

"अहो, दूध आहे हातात!"

"हिंदकळू दे!"

मी गेले. पोटापाशी दोघींचा तोल गेला, दूध रेघेवर सांडलं, आणि मास्तर भिंतीवरून ओरडले, "बायांनो, सांभाळून! नळसाहेब पुन्हा मोजत बसेल!"